खवणाऱ्या बाईचा कौल

"पायांवर पाणी घे आणि मग आत ये," नेवगी वकील म्हणाले. "आणि आत कोणी विचारलं तर तू बाईच्या माहेरची, एवढंच सांग. शिल्पकार वगैरे म्हणू नकोस. लोक उगाच पाया पडत बसतील, वेळ जाईल."

"कुठल्या बाईच्या, भाई?"

"कुठल्या म्हणजे? तू मला विकलीस तिच्या."

मी पायांवर पाणी घेतलं. अकरा वर्षांपूर्वी फणसाच्या एका ओंडक्यातून मी एक बाई कोरून काढली होती. नेवगी वकिलांनी ती विकत घेतली होती, आणि आता तीच बाई पंधरा दिवसांसाठी मागून न्यायला मी वेंगुर्ल्याला आले होते. त्यासाठी पाय धुवावे लागतील असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी अठ्ठेचाळीसची होते. मी कुंदा मेस्त्री, कुडाळजवळच्या एका सुताराची मुलगी. बाप दारं, पाळणे आणि पाट करायचा. मी माणसं करते. बापाच्या पाळण्यांना गिऱ्हाईक थांबून असायचं. माझी माणसं मात्र पडवीत एकमेकांची तोंडं बघत बसायची. त्यांना घर मिळालं ते नेवगी वकिलांमुळे. वकिलीतून निवृत्त झालेला, बायको गेलेला, मुलगा परदेशात असलेला हा माणूस दर एक-दोन वर्षांनी यायचा, काम बघायचा आणि घेऊन जायचा. अशी तेरा कामं त्यांनी नेली आणि माझ्या माहितीत एकही कोणाला दाखवलं नाही. "बघायला आलेला माणूस हात लावतो," ते म्हणत, "आणि हात लावला की त्याला मत फुटतं."

त्यामुळे माझं नाव कोणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. पण मुंबईच्या एका गॅलरीवाल्या कापडियांनी कुठेतरी त्या बाईचा जुना फोटो पाहिला आणि मला फोन केला. डिसेंबरात त्यांचा मोठा हॉल पंधरा दिवस रिकामा होता. "ती विळीवर बसलेली बाई आणलीत तर हॉल तुमचा," ते म्हणाले. "ती नसेल तर, सॉरी, जिन्याजवळ एक खोली आहे." वीस वर्षं लाकूड खात बसलेल्या माझ्यासारखीला मोठा हॉल म्हणजे काय, ते वाळवीलाच विचारावं. मी टेम्पो ठरवला, गोणपाटं आणि सुतळी घेतली आणि निघाले.

बाहेरच्या खोलीत माझी बारा माणसं भिंतीला टेकून उभी होती. भाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले.

तिथे जमिनीवर, चुलीपासून चार हातांवर, ती बसली होती. मी केली होती तशीच: एक पाय दुमडलेला, एक गुडघा वर, विळीवर ओणवलेली, हातात नारळाची कवड. पण कपाळावर कुंकू होतं, अंबाड्यात अबोलीची वेणी होती आणि तिच्यासमोर गोणपाट अंथरून आठ-दहा माणसं मांडी घालून बसली होती. शेजारी खऱ्या विळीवर भागू, म्हणजे भाईंची स्वयंपाकीण, खरा नारळ खवत होती.

"भाई, हे काय आहे?" मी विचारलं.

"सोमवार आहे," भाई म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देते. बाई आधी बाहेरच्या खोलीत होती. पण चार पुरुष यायचे-जायचे तिथे बाईमाणसाने नारळ खवत बसावं, हे भागूला पटेना. म्हणून बाई स्वयंपाकघरात आली. एके दिवशी बांगड्याच्या आमटीत आमसूल घालायचं की नाही, यावरून भाई आणि भागू यांची जुंपली. भागू तेव्हा खवत होती. खोबऱ्याचा एकेक कीस उडून बाईच्या दोन्ही खांद्यांवर चिकटला होता. भांडण रंगात आलं आणि डाव्या खांद्यावरचा कीस खाली पडला. भागूने विळी सोडली, हात जोडले आणि म्हणाली, "बाय नको म्हणता."

आमच्या भागात कौल लावतात, त्याची ही गोष्ट. देवळात गुरव देवाच्या अंगावर डावीकडे-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, कोर्टकचेरी, सगळं त्यावर ठरतं. पण ते देवाचं. इथे आमसुलावरून सुरुवात झाली आणि महिन्याभरात आळीतली माणसं येऊ लागली. वर्षाने देवळातला सोनू गुरवच सोमवारचा यायला लागला. देवळापेक्षा इथे चहा बरा मिळतो, असं त्याचं म्हणणं होतं.

"भाई, तुम्ही कायदा शिकलेले," मी म्हटलं. "हे लाकूड आहे. मी स्वतः तासलंय. याची पावती तुमच्याकडे आहे."

"पावती आहे. म्हणून तर मालक मी आहे. पण मुंबईला जायचं की नाही हे मालकाने ठरवायचं नसतं, जाणाऱ्याने ठरवायचं असतं. मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय गाडीत घालणं म्हणजे अपहरण."

"भाई!"

"तुझा नंबर तिसरा. जेवणानंतर."

माझ्या नाकाला मिरची झोंबली, पण करते काय? टेम्पोवाल्याला थांबायला सांगून मी गोणपाटावर बसले. पहिला नंबर एका जाडजूड गृहस्थाचा होता. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहावं का, असा त्याचा प्रश्न. सोनू गुरवाने तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या, बाईच्या एकेका खांद्यावर चिकटवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बाय माजे, फणसाच्या रूपान हय येवन बसलंस..."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. बाईला महाराजा म्हणताना कोणालाही काही वाटलं नाही.

"आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे सवाल घातल्यान आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"सदरहू सवालाचा," भाईंनी मध्येच दुरुस्ती केली, "स्पष्ट आणि एका शब्दात उत्तर व्हावं."

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. डावी पाकळी थरथरली आणि पडली.

"डावी! बाय नको म्हणता," सोनू म्हणाला. गृहस्थाने मोठा सुस्कारा सोडला, आणि दाराशी बसलेल्या त्याच्या बायकोने त्याहून मोठा.

बोलाफुलाला गाठ पडली असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या नंबरचा माणूस जेवणानंतर येणार म्हणून सगळे उठले, तेव्हा भागूने मला वाढता वाढता सांगितलं, "अकरा वर्सां झाली, उजवी म्हणून पडली नाय. एकदाय नाय. लय खमकी बाय." मग तिने बाईसमोरही एक ताट ठेवलं. "ती जेवत नाय. पण वास घेता."

अकरा वर्षांत एकदाही नाही. मी हातातला घास खाली ठेवला. देवाला असेल नसेल, पण लाकडाला कारण असतं.

सगळे मागच्या पडवीत पानावर बसले होते, भागू त्यांना वाढायला गेली. स्वयंपाकघरात मी आणि ती, दोघीच. मी हात धुतले आणि तिच्या मागे बसून दोन्ही खांद्यांवरून एकदम तळवे फिरवले, बापाने फळीला बाक आला का ते बघायला शिकवलं होतं तसे. उजव्या तळव्याला काही लागलं नाही. डावा तळवा घसरला.

डावा खांदा दोन बोटं खाली होता. मीच तो तसा केला होता, आणि विसरून गेले होते.

कारण ती आमची आये होती. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कामाचं नाव 'खवणारी बाई' एवढंच ठेवलं होतं. आये कोणाला नाही म्हणत नसे. शेजारच्या चार घरांत म्हातारी माणसं होती, त्यांना विहिरीचं पाणी कोणी आणायचं? आयेने. जावेच्या बाळंतपणाला कोणी जायचं? आयेने. बापाने ओळख ना पाळख अशी दहा माणसं जेवायला आणली तर खवायला कोण बसायचं? उजव्या हाताला मी लोंबकळायची आणि डाव्या हातात पितळेची भरलेली बालदी, अशी ती दिवसातून वीस वेळा विहिरीवरून यायची. तिचा डावा खांदा उतरला तो कायमचा. मला तिचा राग यायचा. "एकदा तरी नाही म्हण गो," मी एकदा ओरडले होते. तर म्हणाली, "नाय म्हणूक तोंड उघडूचा लागता. बालदी उचलूक नाय लागणा."

मरतानासुद्धा ती हो म्हणूनच गेली असणार, असं मला वाटतं. नमस्काराला आलेल्यांनी कधी हात लावला नसेल म्हणून त्यांना कळलं नसेल, पण चिकटवलेली प्रत्येक ओली पाकळी त्या उतारावर कशी टिकणार होती? आयुष्यभर हो म्हणून उतरलेल्या खांद्यावरून अकरा वर्षं नकार घसरत होते. मला हसू आलं. मी तिच्याशेजारी भागूच्या विळीवर बसून राहिले.

मग मात्र सुताराची मुलगी जागी झाली. प्रश्न उलटा घातला तर? 'मुंबईला येशील का' असं विचारायचंच नाही. 'इथेच राहशील का' असं विचारायचं. डावी पडणार. नाही म्हणणार. म्हणजे चला, भरा टेम्पो. हॉल माझा.

भाई ओटीवर सुपारी कातरत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"भाई, खांदा तिरका आहे."

"डावा," ते मान वर न करता म्हणाले. "दोन बोटं."

"तुम्हाला माहीत आहे?"

"दुसऱ्याच वर्षी कळलं. मी चाळीस वर्षं साक्षीदार बघितले, बाई. नेहमी एकच उत्तर देणारा साक्षीदार मी ओळखणार नाही?"

"मग हे सगळं नाटक कशाला?"

त्यांनी सुपारीची खांडं तबकात ठेवली. "आळीतल्या बायका काय खुळ्या आहेत? त्यांनाही ठाऊक आहे. सोनूला आहे. भागूला तर आमसुलाच्या दिवसापासून आहे. ठाऊक नाही ते फक्त त्यांच्या नवऱ्यांना, दिरांना आणि सासऱ्यांना. हो म्हणून घ्यायला इथे कोणी येत नाही, कुंदा. हो म्हणायला घराघरांत माणसं बसलेली आहेत."

मी तबकातलं एक खांड उचललं.

"उलटा प्रश्न तुला सुचला असेलच," ते म्हणाले. "मीही वापरतो. 'आज सुरमई नको का?' असं विचारतो. विचार खुशाल. मी हरकत घेणार नाही. टेम्पोत ठेवताना गादी घाल एवढंच."

जेवणानंतर दुसरा नंबर आला. बुधाजी नावाचा, मिशीवाला, कोणाचं ऐकून घेण्याची सवय नसलेला माणूस. त्याची बायको यशोदा मागे, भिंतीला चिकटून. बुधाजी बसला तोच मुलीची तक्रार केल्यासारखा.

"चेडू बारावी झाला. नर्सिंगाक जातंय म्हणता. कोल्हापुराक, एकटा! माका वाटता शिक्षण बंद करून लगीन लावन टाकूचा. स्थळ इलेला आसा. घरातलां कोण बोलत नाय. बायक विचार म्हणान हिना धरान आणल्यान."

"म्हणजे सवाल काय?" भाईंनी विचारलं. "नीट घाला. शिक्षण बंद करू काय, असाच ना?"

"असोच."

मी यशोदेकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, पण पदराचं टोक तिने बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"बाय माजे," सोनूने सुरू केलं. "व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. पाकळ्या चिकटल्या. डावी जरा जास्तच वेळ थांबली. कधी नव्हे ते मला देवाची आठवण झाली. मग ती पडली.

"डावी. बाय नको म्हणता."

बुधाजीने मिशीवरून हात फिरवला. बाईकडे बघितलं. ज्या माणसाने आयुष्यात बायकोचं, आईचं, मास्तरांचं ऐकलं नसेल, त्याने लाकडाच्या बाईपुढे डोकं टेकलं आणि म्हणाला, "आज्ञा." यशोदेच्या बोटावरचा पदर सुटला. बाहेर जाताना तिने बाईला नमस्कारही केला नाही. फक्त तिच्या विळीजवळ पडलेला एक खोबऱ्याचा कीस उचलून तोंडात टाकला.

"तिसरा नंबर," भाई म्हणाले. "कुंदा मेस्त्री."

टेम्पोवाला खिडकीशी येऊन बघत होता. सोनूने नव्या पाकळ्या भिजवल्या. "काय सवाल, बाय?" त्याने मला विचारलं.

प्रश्न माझ्या जिभेवर तयार होता. उलटा, गुळगुळीत, तासलेला. इथेच राहशील का? तीन शब्द, आणि मोठा हॉल. भाई खरंच हरकत घेणार नव्हते. मी पुढे सरकले, गुडघे टेकले. तिचा चेहरा खाली होता, मी केला होता तसा, कवडीत बघणारा. मी तिला आयुष्यभर उलटेसुलटे प्रश्न विचारूनच राबवलं होतं. 'आये, तुला त्रास नाही ना होणार?' म्हणायचं, आणि बालदी पुढे करायची.

"आये," मी म्हटलं. भागूचा हात कवडीवरच थांबला. "आये, मी कुंदा. तुका मुंबैक न्हेवक इलंय. येतलंस?"

कोणी व्हय म्हाराजा म्हणालं नाही. सोनू गाऱ्हाणं घालायचंच विसरला. नुसत्याच पाकळ्या चिकटवून तो बाजूला झाला.

डावी पडली. लगेच, एका क्षणात.

सोनूने तोंड उघडलं, पण ते वाक्य त्याला बोलवेना. शेवटी भागूच म्हणाली, हळू आवाजात, "नको म्हणता गो ती."

"ऐकलं मी," मी म्हटलं. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. आयेने मला दिलेला तो पहिला नकार. तो मला मिळेपर्यंत माझी अठ्ठेचाळीस वर्षं गेली.

भाईंनी उरलेली बारा माणसं मात्र त्याच संध्याकाळी टेम्पोत घालून दिली. "त्यांना मत नाही," ते म्हणाले. "खुशाल ने."

कापडियांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. "बाई येत नाही. नाही म्हणाली."

"कोण नाही म्हणालं? वकील?"

"बाई."

"कुंदाबाई," ते म्हणाले, "ती लाकडाची आहे ना?"

"फणसाची."

मोठा हॉल कोणा काचकाम करणाऱ्याला गेला. मला जिन्याजवळची खोली मिळाली. जिना चढणारे लोक डोकावायचे, उतरणारे घाईत असायचे. परत मला तो हॉल कोणी देऊ केला नाही, आणि आता देईल असंही वाटत नाही. खोलीत बारा माणसं मांडली आणि मध्ये जमिनीवर बापाने केलेला एक रिकामा पाट ठेवला. त्यावर कार्ड लिहिलं: 'खवणारी बाई. फणस. यायला नकार.' कापडियांना वाटलं यात काहीतरी मोठा विचार आहे. ते पाहुण्यांना पाटाभोवती फिरवून आणायचे आणि मी काही बोलू नये म्हणून मला चहा पाजायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाडणाऱ्या मावशी खोलीत आल्या. तिथे झाडायला फारसं काही नव्हतं. त्यांनी पाटाखालून केरसुणी फिरवली, मग कार्डाकडे बोट केलं.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"बोलावलं हुतं, आन् नाय म्हनली?"

"हो. नाही म्हणाली."

मावशींनी रिकाम्या पाटाकडे वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं, जणू तिथे कोणी बसलेलंच आहे.

"बरं केलं," त्या म्हणाल्या, आणि पुढची खोली झाडायला गेल्या.